मोरीत ओतलेली पिशवी : पोटाच्या डायलिसिसची शंभर वर्षं आणि आपले दोन तालुके

मंडळी, एरवी मी इथं नीरा कालव्याचा, साखर कारखान्यांचा, इंदापूरच्या गढीचा इतिहास लिहितो. आज एका प्लॅस्टिकच्या पिशवीचा लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात किडनीचा पेशंट आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला दिलेली. दाजींना बरीच वर्षं शुगर. २०२१ साली किडन्या निकामी झाल्या. करोनाचे दिवस होते. आठवड्यातून तीनदा गाडी करून डायलिसिसला जायचं म्हणजे घरादाराच्या अंगावर काटा यायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला, पोटाचं डायलिसिस. घरच्या घरी करायचं, मशीन नको, सुई नको.

अक्का सातवी शिकलेली. तिनं चार दिवसांत सगळं शिकून घेतलं. धान्याची खोली रिकामी केली, भिंतींना ऑइलपेंट दिला. पिशवी लावायच्या वेळी दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे आणि स्वच्छ कापडानं टिपायचे. दिवसातून चार वेळा. दोन वर्षं एकही चूक नाही. दाजी उसाला पाणी द्यायला जात होते, डाळिंबाच्या छाटणीला उभे राहत होते.

पोटातून बाहेर आलेलं पाणी पिवळसर असतं, पण नितळ. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता येतात. अक्काला ही खूण शिकवलेली होती. एका रविवारी सकाळी अक्षरं दिसेनात. पाणी तांदळाच्या धुवणासारखं. दाजींचं पोट दुखत होतं, थोडा तापही होता. अक्कानं मला फोन केला, कारण घरात मीच शिकलेला.

मी काय सांगितलं? "रविवार आहे, पुण्यात कोण भेटणार? जवळच्या डॉक्टरांकडनं इंजेक्शन घ्या, उद्या जाऊ." तिनं विचारलं, "पिशवीचं काय करू?" मी म्हटलं, "दे ओतून, घाण कशाला ठेवायची."

तिनं ती मोरीत ओतली. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचतोय. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा निवृत्त मास्तर आहे. त्यामुळं इतिहासाच्याच वाटेनं सांगतो.

आधी हे डायलिसिस काय असतं ते थोडक्यात. आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या अंगावरच्या कातडीइतकं भरतं. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पोटात साखरेचं आणि क्षारांचं निर्जंतुक पाणी सोडलं की रक्तातली घाण या अस्तरातून झिरपून त्या पाण्यात येते. साखर जादाचं पाणी ओढून घेते. चार-सहा तासांनी ते पाणी काढायचं आणि नवं भरायचं. एका वेळी साधारण २ लिटर. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवलेली असते, तिच्यातून हे सगळं चालतं.

आता हिशोब करा. दिवसाला ४ वेळा म्हणजे वर्षाला १,४६० वेळा ती नळी उघडायची आणि जोडायची. प्रत्येक वेळी बाहेरचं जग आणि पोटाची पोकळी यांच्यातलं दार क्षणभर उघडं पडतं. आत साखरेचं कोमट पाणी. जंतूला याहून चांगलं घर कुठलं मिळणार? म्हणून पोटाच्या डायलिसिसचा इतिहास म्हणजे त्या एका जोडाचा इतिहास आहे. तो जंतूंपासून कसा वाचवायचा, याचीच ही शंभर वर्षं.

सुरुवात १९२३ साली जर्मनीत झाली. गेओर्ग गांटर नावाच्या डॉक्टरांनी आधी जनावरांवर प्रयोग केले, मग किडनी बंद पडलेल्या एका बाईच्या पोटात सलाइन सोडलं. तिला थोडं बरं वाटलं, पण ती वाचली नाही. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. पोटात जंतू शिरला तर हातात काहीच नव्हतं, त्यामुळं पुढची वीस वर्षं हे प्रयोग तुरळकच होत राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी रक्ताच्या डायलिसिसचं मशीन बनवलं. त्याच सुमारास अमेरिकेत बोस्टनला फाइन, फ्रँक आणि सेलिगमन या तिघांनी पोट धुण्याची पद्धत नव्यानं हातात घेतली आणि १९४६ मध्ये त्यावर लेख छापला. पेशंट वाचू शकतो हे सिद्ध झालं. पण मोठमोठ्या काचेच्या बरण्या, रबरी नळ्या, जागोजागी जोड. जितके जोड तितकी जंतूंना दारं. १९५९ मध्ये मॉर्टन मॅक्सवेल यांनी कारखान्यात भरलेल्या सीलबंद बाटल्या वापरून ही पद्धत सोपी केली. तरी प्रत्येक वेळी पोटात नवी नळी घुसवावी लागे.

तो प्रश्न १९६८ मध्ये सिएटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी सोडवला. त्यांनी सिलिकॉनची मऊ नळी घेतली आणि तिच्यावर डेक्रॉन कापडाच्या दोन पट्ट्या बसवल्या. अंगातलं मांस त्या कापडात वाढतं आणि नळी घट्ट धरतं. कातडीवरचे जंतू नळीच्या कडेनं आत सरकू शकत नाहीत. कुंपणाला बांध घालावा तशी ही पट्टी. दाजींच्या पोटात होती ती नळी याच घराण्यातली. आजही जगभर टेंकहॉफचंच नाव चालतं.

आता गोष्ट येते ऑस्टिन गावात, टेक्सासमध्ये. १९७५ साली तिथं एका पेशंटच्या हातात रक्ताच्या डायलिसिससाठी जागाच टिकेना. डॉक्टर म्हणाले, डॅलसला जाऊन राहा, तिथं पोटाच्या डायलिसिसची सोय आहे. त्यानं साफ नकार दिला. मग जॅक मॉनक्रीफ हे डॉक्टर आणि रॉबर्ट पोपोविच हे केमिकल इंजिनिअर कागद-पेन्सिल घेऊन बसले. गणित असं निघालं की पाणी दिवसभर पोटात ठेवलं आणि चार-पाच वेळा बदललं, तर मशीनची गरजच नाही. माणूस हिंडू-फिरू शकतो. १९७६ मध्ये त्यांनी हे एका परिषदेला पाठवलं, तर परिषदेनं नाकारलं! सीएपीडी या नावानं आज लाखो लोक जगले, ती पद्धत हीच.

पण या पद्धतीचीही पहिली वर्षं जंतूंनी खाल्ली. बाटल्या काचेच्याच होत्या. सुरुवातीच्या पेशंटांना सरासरी दर १० आठवड्यांना पोटाचा संसर्ग व्हायचा. म्हणजे वर्षाला पाच वेळा! कोण तग धरणार?

मग टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपूलोस यांनी काचेऐवजी प्लॅस्टिकची पिशवी आणली. पाणी पोटात गेलं की रिकामी पिशवी घडी घालून कपड्यात ठेवायची, नंतर तीच खाली सोडून पाणी काढायचं. जोड निम्म्यावर आले आणि संसर्ग झपाट्यानं कमी झाला. पुढं इटलीत पेरुजा इथं उंबेर्तो बुओनक्रिस्तियानी यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी नळी केली. कल्पना अगदी साधी. जोडताना चुकून शिरलेला जंतू पोटात ढकलायच्या ऐवजी आधी पाण्याच्या धारेनं बाहेरच्या पिशवीत धुऊन काढायचा, मग पोट भरायचं. आपण नवीन पाइप जोडल्यावर पहिलं पाणी बाहेर सोडतो, गाळ जाऊ देतो आणि मग ठिबकला जोडतो, तसंच. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तुलना छापून आली. संसर्ग जवळपास तिपटीनं घटलेला.

आज आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची अपेक्षा अशी आहे की दर पेशंटमागं वर्षाला ०.४० पेक्षा जास्त संसर्ग होता कामा नयेत. म्हणजे अडीच वर्षांत एखादा. पाच वेळांवरून इथपर्यंत. हे मोठ्या शोधानं झालं नाही. पट्टी, पिशवी, नळीचा आकार अशा बारीक बारीक गोष्टींनी झालं.

आपल्याकडं काय घडत होतं?

भारतात रक्ताचं डायलिसिस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९६० च्या दशकात सुरू झालं. पण महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाच्या कानावर 'डायलिसिस' हा शब्द पडला तो जयप्रकाश नारायणांमुळं. आणीबाणीत कैदेत असताना त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईत जसलोकला आणलं. त्यांच्या मशीनसाठी लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पाठवलेला पैसा जेपींनी परत केला, हे आमच्या पिढीला चांगलं आठवतंय. एका माणसाच्या डायलिसिससाठी देशाला वर्गणी काढावी लागली, ही तेव्हाची परिस्थिती. गावाकडच्या माणसाला 'किडनी फेल' म्हटलं की घरी घेऊन जा, एवढाच अर्थ होता.

पोटाचं सीएपीडी आपल्या देशात आलं १९९१ मध्ये. पहिली बरीच वर्षं ते मोठ्या शहरांत आणि ज्यांना परवडतं त्यांच्यात राहिलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. केंद्रानं २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. या सगळ्यात जोर होता रक्ताच्या डायलिसिसवर. त्या कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक सूचना आली २०१९ मध्ये.

थायलंडनं उलटं केलं. २००८ मध्ये त्यांनी सरकारी योजनेत पोटाचं डायलिसिस आधी, असं धोरण घेतलं. खेड्यात मशीन नाही, तज्ज्ञ नाही, पण पिशव्या घरपोच जाऊ शकतात, एवढा साधा विचार. हाँगकाँगनं तर १९८५ पासूनच हे धोरण ठेवलं. आपल्या इंदापूरच्या टोकाच्या गावापासून पुणं सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतं. आठवड्याला तीन खेपा. विचार करा, ही पद्धत कुणासाठी जास्त सोयीची आहे?

पण खेड्यात पिशवी आली की खेड्यातले जंतूही तिच्या आसपास येतात. माझ्या वाचनातला सगळ्यात डोळे उघडणारा भाग हाच.

एरवी या संसर्गात सापडणारे जंतू ठरलेले असतात. कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, त्याचा जहाल भाऊ स्टॅफिलोकोकस ऑरियस, तोंडातले स्ट्रेप्टोकोकस, आतड्यातला ई. कोलाय, ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास. डॉक्टर पहिली औषधं देतात ती यांनाच डोळ्यासमोर ठेवून. दहातल्या बहुतेकांना तेवढ्यानं गुण येतो.

उरलेल्यांचं काय? जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेली चाळीसेक वर्षं एकेका पेशंटची हकीकत छापून येते, 'दुर्मीळ जंतूमुळे पोटाचा संसर्ग' अशा मथळ्याखाली. ती यादी वाचताना मला वाटलं, हे तर आपल्या बाजार समितीचं आवार आहे.

कांदा घ्या. १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर या अमेरिकी शास्त्रज्ञानं कांदा सडवणारा एक जंतू नोंदवला. आज त्याचं नाव बर्कहोल्डेरिया सेपाशिया. लॅटिनमध्ये सेपा म्हणजे कांदा. हा चिवट गडी पुढं डायलिसिसच्या पेशंटांच्या नळीच्या तोंडाशी आणि पोटात सापडला. त्याहून कहर म्हणजे तो जंतुनाशकाच्या बाटलीतही जिवंत राहू शकतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात आयोडीनच्या जंतुनाशकातच जंतू निघाल्याची प्रकरणं झाली. ज्यानं जखम पुसायची, त्याच्यातच चोर!

द्राक्ष घ्या. आपल्या बोरीच्या बागायतदारांना वेलीच्या खोडावर येणाऱ्या गाठी माहीत असतील. गुलाबालाही येतात. त्यामागचा मातीतला जंतू ॲग्रोबॅक्टेरियम हे १९०७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. काही शास्त्रज्ञ त्याला रायझोबियम म्हणतात. त्याच गोतावळ्यातला, रेडिओबॅक्टर नावाचा, १९९० च्या दशकापासून पोटाच्या डायलिसिसच्या पेशंटांत सापडतोय. झाडांच्या पानांवर आणि काट्यांवर राहणारा पँटोइया हाही तसाच. बागकाम करणाऱ्या पेशंटांत त्याची नोंद आहे. आमचे दाजी डाळिंबाच्या छाटणीत रोज काटे टोचून घ्यायचे.

दुभतं जनावर घ्या. गाई-म्हशींत गाभ पाडणारा ब्रुसेला कच्च्या दुधातून आणि वार काढताना माणसाला लागतो. तुर्कस्तानातून त्याच्यामुळं झालेल्या पोटाच्या संसर्गाच्या नोंदी आहेत. पाणी घ्या. नदी-तलावातला एरोमोनास, नळाच्या पाण्यातले क्षयरोगाचे चुलतभाऊ असलेले मायकोबॅक्टेरियम. आणि मांजर! मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो. १९८७ मध्ये अमेरिकेतून हकीकत आली की मांजरानं नळी चावली आणि पेशंटच्या पोटात तो जंतू शिरला. त्यानंतर अशा कितीतरी आल्या. म्हणून आज सूचनाच आहे की पिशवी बदलायच्या खोलीत मांजर-कुत्रं येता कामा नये.

हे वाचून कुणी घाबरू नका. शेतकऱ्यानं पोटाचं डायलिसिस करू नये, असा याचा अर्थ अजिबात नाही. हे जंतू खरंच कमी वेळा सापडतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, नेहमीची औषधं यांतल्या काहींवर चालत नाहीत. ब्रुसेलाला वेगळी औषधं आणि कित्येक आठवडे लागतात, मायकोबॅक्टेरियमला तर महिने. दुसरी गोष्ट, हे कुणी शोधल्याशिवाय सापडतच नाहीत.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, १९३४ मध्ये वालचंदनगर उभं राहिलं, १९८० मध्ये उजनी भरली. पाणी आलं, ऊस आला, संकरित गाई आल्या, द्राक्षं-डाळिंबं आली. आपल्या दोन तालुक्यांची भरभराट यातूनच झाली. आपला पेशंट या पाण्यामातीत आणि जनावरांत वावरणारा आहे. टोरांटोच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटमधल्या पेशंटपेक्षा त्याच्या हाताला वेगळे जंतू लागणार, हे उघड आहे. मग प्रश्न असा की ते ओळखायला इथं काय आहे?

पुण्यात दाजींच्या पोटातलं पाणी तपासलं तेव्हा त्यात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. साधारण नियम असा, की एका मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एका विशिष्ट प्रकारच्या, तर संसर्ग आहे असं धरून चालायचं. तो होताच. कुठला जंतू, हे कळण्यासाठी कल्चर लावलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, 'नो ग्रोथ'. काहीच उगवलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "मग जंतू नाहीच का?" ते शांतपणे म्हणाले, "आहे. काल दिलेल्या इंजेक्शननं तो अर्धमेला झालाय. उगवत नाही, पण मरतही नाही. पहिली पिशवी आणलीत का?"

पहिली पिशवी मोरीत गेली होती.

नंतर मला कळलं ते असं. पहिल्या गढूळ पाण्यात जंतू सापडायची शक्यता सगळ्यात जास्त असते, कारण अजून औषध लागलेलं नसतं. ते पाणी रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात त्या बाटलीत, निर्जंतुक पद्धतीनं, ५ ते १० मिली घालायचं. प्रयोगशाळेत ते शक्यतो सहा तासांच्या आत पोचलं पाहिजे. नमुना घेतल्याबरोबर औषध सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. म्हणजे औषधाला उशीर करा असं कुणी म्हणत नाही. फक्त क्रम पाळायचा, आधी नमुना आणि लगेच औषध. तीन दिवसांत काही उगवलं नाही तर प्रयोगशाळेला सांगायचं, आता वेगळे शोधा. क्षयरोगाचा, बुरशीचा, हळू वाढणारे. पेशंट काय काम करतो, घरात जनावरं आहेत का, कच्चं दूध पितो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

तज्ज्ञांची अपेक्षा अशी आहे की शंभर संसर्गांत १५ पेक्षा कमी वेळा 'काहीच उगवलं नाही' असं उत्तर यावं. भारतातून छापलेल्या बऱ्याच अभ्यासांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ वर असतं. जंतू 'दुर्मीळ' आहे की आपण त्याला बघितलंच नाही, हा फरक मग कळणार कसा?

दाजींना पाच दिवस योग्य म्हणून जी औषधं असतात ती दिली. पाणी नितळ झालं नाही. अशा वेळी नळी काढायची असते, नाहीतर जीवावर बेततं. नळी काढली. क्षयरोगाची तपासणीही झाली, ती निगेटिव्ह आली. दाजी वाचले. पण पोटाच्या अस्तराला चिकटपणा आला आणि ती वाट कायमची बंद झाली. आता ते आठवड्यातून तीनदा बारामतीला रक्ताच्या डायलिसिसला येतात. भल्या पहाटे निघतात, दुपारी परततात, त्या दिवशी जेवणही जात नाही. छाटणी पोरगा बघतो. धान्याची खोली परत धान्याची झाली.

तो जंतू कुठला होता? डाळिंबाच्या काट्यावरचा, गोठ्यातला, फुगवट्याच्या पाण्यातला, की अक्काच्याच बोटावरचा एखादा साधासुधा? कळलं नाही आणि आता कळणारही नाही. अक्का अजून म्हणते, "माझ्याच हातनं काहीतरी झालं असंल." दोन वर्षांत जवळपास ३,००० वेळा तिनं ती नळी जोडली. मी तिला सांगतो, "तुझ्या हातनं काही झालं नाही. माझ्या तोंडातनं झालं."

शेवटी एक इतिहासातलीच गोष्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी प्रयोगशाळा मांडून बसले. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली. नमुने दूर कुठं पाठवून उत्तराची वाट बघत बसले असते तर ती लस इतक्या लवकर झाली नसती. साथ जिथं होती तिथंच प्रयोगशाळा गेली, हा त्यातला धडा.

बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतोच. म्हणून माझी लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य खात्याला जाहीर विनंती आहे. तीनच गोष्टी मागतो.

एक, पोटाच्या डायलिसिसचा पेशंट रात्री-बेरात्री किंवा रविवारी गढूळ पिशवी घेऊन आला, तर त्याचा नमुना कल्चरच्या बाटलीत घेण्याची सोय बारामती आणि इंदापूर दोन्हीकडं असावी. एक बाटली आणि ती भरता येणारा एक माणूस, इतकंच.

दोन, त्या बाटल्या सहा तासांत बारामतीच्या प्रयोगशाळेत पोचतील अशी गाडीची व्यवस्था असावी. दुधाचा टँकर गावोगावून रोज वेळेवर डेअरीला पोचतो. बाटली का पोचू नये?

तीन, काय उगवलं आणि काय उगवलं नाही, याची नोंद आपल्या दोन तालुक्यांपुरती तरी ठेवावी. पाच-दहा वर्षांनी कळेल की आपल्याकडं कुठले जंतू आहेत. मग पहिलं इंजेक्शन अंदाजानं द्यावं लागणार नाही.

आणि घरच्यांना सांगणं एकच. पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, तर ती पिशवी ओतू नका. तिचं तोंड नीट बंद करा, स्वच्छ पिशवीत घाला, वर तारीख-वेळ लिहा आणि तशीच घेऊन लगेच दवाखान्यात जा. आपल्या डायलिसिस केंद्राला निघतानाच फोन करा. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगा, "साहेब, आधी या पाण्याचा नमुना घ्या."

ज्यांच्या ओळखीत पोटाचं डायलिसिस करणारं कुणी आहे, त्यांच्यापर्यंत एवढा शेवटचा परिच्छेद पोचवा. बाकीचा इतिहास नाही वाचला तरी चालेल.